कुंडीचा हिशेब उजेडाशी

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये कुंडीतली झाडं तहानेनं क्वचितच मरतात. बहुतेक बुडून मरतात. पान पिवळं दिसलं की तांब्याभर पाणी, दुसरं पिवळं झालं की आणखी तांब्याभर, आणि महिन्याभरात खोड बुडाशी मऊ पडून झाड आडवं. मुळांनाही श्वास लागतो, हे आपल्या गावीच नसतं. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते आणि तिच्यातला ऑक्सिजन मुळं वापरतात. पोकळ्या पाण्यानं भरल्या की ऑक्सिजनची वाटचाल हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी मंदावते. मुळं गुदमरतात, मग कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून ओल्या मातीतलं झाडही तहानल्यासारखी मान टाकतं. आणि आपण पुन्हा तांब्या उचलतो.

पाणी साचतं, कारण झाड ते वापरत नाही. आणि वापरत नाही, कारण त्याला उजेड पुरत नाही. झाडाचं अन्न उजेडात तयार होतं. त्यासाठी पानांवरची पर्णरंध्रं उघडतात, त्यांतून बाष्प बाहेर जातं आणि मुळांकडून पाणी वर ओढलं जातं. उजेड कमी तर सगळा कारभार थंड. त्यामुळे ‘मनी प्लांटला आठवड्यातून किती वेळा पाणी घालायचं?’ या प्रश्नाला, कुंडी कुठे ठेवली आहे हे कळल्याशिवाय उत्तरच नाही.

एप्रिलच्या भर दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीशी तो दोन-तीन हजारांवर येतो. तिथून आठ-दहा फूट आत, टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात, तो अनेकदा दीड-दोनशेही भरत नाही. आपला डोळा सरावतो, म्हणून हा फरक जाणवत नाही. त्या कोपऱ्यात आपण आरामात पेपर वाचतो. झाडाला मात्र तिथे उपास घडतो. मोबाइलवर लक्स मोजणारी अॅप्स फुकट मिळतात. त्यांचा आकडा तंतोतंत नसतो, पण खिडकी आणि कोपरा यांच्यातली दरी दाखवायला पुरेसा असतो.

घरातली बहुतेक झाडं मूळची इथली नाहीत. मनी प्लांट प्रशांत महासागरातल्या मोऑरिया बेटाचा, स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेचा, पानावर पांढऱ्या-गुलाबी शिरांचं जाळं मिरवणारा फिटोनिया दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलांच्या जमिनीवरचा. पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ऐंशीच्या वर चढते. स्नेक प्लांट दोन्ही निमूट सोसतो. फिटोनिया नर्सरीच्या हिरव्या जाळीखालून थेट आपल्या टेबलावर आला की उन्हाळ्यात दोन दिवसांत लोळण घेतो. बाटलीने फवारा मारल्यानं आर्द्रता वाढते ती काही मिनिटांपुरती. त्यापेक्षा चार कुंड्या दाटीवाटीनं ठेवल्या तर त्या एकमेकींची हवा थोडी ओलसर ठेवतात.

सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपास नर्सऱ्यांची रांग आहे, आणि जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन पाहून रिकाम्या हातानं परतणारा पुणेकर विरळाच. (हे प्रदर्शन भरवणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया 1830 सालची.) घरी आल्यावर काळी पिशवी फाडा. आत बऱ्याचदा लाल चिकणमातीचा विटेसारखा गोळा निघतो. तो तसाच भुसभुशीत कोकोपीटमध्ये बसवला तर पाणी गोळ्याच्या कडेनं निसटून जातं आणि आतली माती कोरडीच राहते. उलट सतत पाणी घातलं तर गोळा आठवडाभर चिंब राहतो. तासभर बादलीत भिजवून बाहेरची माती बोटांनी हलकेच मोकळी करा, मगच कुंडीत लावा.

कुंडीच्या तळाशी खडे घालण्याची चाल मात्र सोडलेली बरी. बारीक मातीतलं पाणी जाड खड्यांत सहज उतरत नाही. मातीच्या कणांमधल्या सूक्ष्म पोकळ्या ते केशाकर्षणानं धरून ठेवतात आणि खड्यांच्या लगतची माती पूर्ण भिजल्याशिवाय थेंब खाली सुटत नाही. म्हणजे खड्यांमुळे चिखलाचा थर आणखी वर, मुळांच्या जवळ येतो. भोकावर खापराचा एक तुकडा पुरे.

काचेच्या बरणीतल्या बागेला, म्हणजे टेरॅरियमला, भोकच नसतं. तिथेही खड्यांचा थर माती वाचवत नाही. पण तो काचेतून दिसतो, हा मोठा फायदा. खड्यांत पाण्याची रेघ दिसली तर पाणी जास्त झालं. बंद बरणीत पानांतून निघालेलं बाष्प काचेच्या थंड बाजूला जमतं आणि ओघळून पुन्हा मातीत जातं. दिवसा झाडं कार्बन डायऑक्साइड वापरतात. रात्री झाडं आणि मातीतले जीवजंतू तो परत सोडतात. सकाळी काचेच्या एका बाजूला पुसट धुकं असेल तर गणित जमलं. दिवसभर सगळी काच पांढरी राहिली तर झाकण काही तास उघडं ठेवा. फिटोनिया आणि नर्सरीतला हंसराज अशा बरणीत खुलतात. सोसायटीच्या भिंतीवरचं पावसाळी शेवाळ मात्र उन्हात पापड होऊन जूनमध्ये पुन्हा जिवंत होण्यातच मुरलेलं असतं. कायमच्या ओलीत ते बहुधा तपकिरी पडतं. बरणीसाठी कासच्या पठारावरून ड्रॉसेरा ही कीटकभक्षी वनस्पती उपटून आणणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

ही बरणी सापडली ती अपघातानंच. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी 1829 मध्ये पतंगाचा कोष बाटलीत ओल्या मातीवर ठेवला होता. कोषावर लक्ष ठेवता ठेवता मातीत नेचा आणि गवत उगवलं. 1833 मध्ये त्यांच्या काचपेट्यांतून रोपं सिडनीला सुखरूप पोचली आणि मग या पेट्यांनी जगाची शेती हलवली. चहाची रोपं चीनमधून हिमालयात आली ती यांतूनच. क्विनाइन देणाऱ्या सिंकोनाची क्लेमेंट्स मार्कहॅम यांनी पाठवलेली 1860ची खेप मात्र वाटेतल्या उष्म्यानं गारद झाली. पुढे सिंकोना निलगिरीत रुजला. महाबळेश्वरच्या लिंगमळ्यातली सरकारी लागवड मात्र फसली. उष्म्यानं गेलेल्या त्या खेपेचा धडा घरीही लागू पडतो: बंद काचेवर ऊन पडलं की आतली हवा भराभर तापते. पश्चिमेच्या बाल्कनीत एप्रिलमध्ये बरणी ठेवू नका; तासाभरात आतलं सगळं उकडून निघेल.

‘ऑक्सिजन प्लांट’ म्हणून जी झाडं विकली जातात, त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. 1989च्या नासाच्या प्रयोगात झाडांनी हवेतली काही रसायनं कमी केली, पण ती छोट्या बंद पेट्यांत. खिडक्या-दारं असलेल्या घरात हवा सहज आत-बाहेर होते, आणि तेवढाच परिणाम साधायला दर चौरस मीटरमागे दहा ते हजार झाडं लागतील, असा हिशेब 2019च्या एका आढाव्यात मांडला गेला. स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतो, हीसुद्धा ऐकीव गोष्ट. तो रात्री कार्बन डायऑक्साइड साठवतो, हे खरं. ऑक्सिजन मात्र पाण्याचे रेणू उजेडात फुटल्यावरच सुटतो.

किडीही पाण्या-उजेडाच्या मागोमाग येतात. पावसाळ्यात कुंडीभोवती काळी चिलटं घोंगावू लागली तर वरची माती वाळू द्या, त्यांच्या अळ्यांना ओलच हवी असते. कोरड्या मार्च-एप्रिलमध्ये पानामागे लाल कोळी लागला तर पान दोन्ही बाजूंनी धुवा. पिठ्या ढेकूण कापसासारखे चिकटले असतील तर पातळ साबणपाण्याच्या बोळ्यानं पुसून काढा.

आता मे महिन्यातली सुट्टी. आठवड्याभरासाठी गावी जाताना कुंड्या खिडकीपासून थोड्या मागे घ्या, एकदा नीट पाणी द्या आणि दार लावा. उजेड कमी, तर खर्चही कमी. बंद बरणीकडे पाहायचीही गरज नाही. शेजारच्या काकूंना किल्ली द्यायचीच असेल तर ‘रोज पाणी घाला’ असं मात्र सांगू नका. बोट दोन पेरं मातीत खुपसून कोरडं निघालं तरच घालायला सांगा.