साठवलेल्या चित्रकथा आणि थकलेले डोळे

१९९१ साली चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ दैनिकात आला, तेव्हा रोज एकच चित्रमालिका वाचून अंक बाजूला ठेवला जाई. आता झरी जामणीतल्या आजोबांच्या मोबाइलवरही नातवंडे असंख्य चित्रकथा बुकमार्क करून देतात. त्या संपवण्याच्या ओढीने जागरण घडते; टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात.

दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे पाहावे. अक्षरे मोठी करावीत. झोपण्यापूर्वी तासभर मोबाइल दूर ठेवावा. दृष्टी अचानक अंधुक झाल्यास तत्काळ नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

घरच्यांनी ज्येष्ठांना विचारूनच आवडत्या चार-पाच मालिका राखाव्यात, आणि रोज एक तरी सोबत बसून वाचावी. न वाचलेल्या कथांचे ऋण कोणी मागत नाही. सोबतीची उणीव मात्र प्रकृतीला जाणवते.