अडीच टनीचा अ‍ॅक्सल बदलताना

अमेरिकी लष्कराचा एम-३५ हा ट्रक १९५० च्या सुमारास रिओ कंपनीने आणला आणि थोड्याफार फरकाने तो पुढची काही दशकं तयार होत राहिला. स्टुडबेकर, कैझर-जीप, एएम जनरल अशा कंपन्यांनीही तो बनवला. तीन अ‍ॅक्सल, तिन्हींना इंजिनाची ताकद आणि रस्ता नसलेल्या मुलखात अडीच टन माल, म्हणून तो 'अडीच टनी'. पक्क्या रस्त्यावर तो याच्या दुप्पट ओझं वाहतो. लष्कराने निवृत्त केलेले असे शेकडो ट्रक लिलावातून हौशी मंडळींकडे गेले. त्यांतल्या बऱ्याच जणांवर कधी ना कधी अ‍ॅक्सल बदलायची वेळ येते: हौसिंग वाकलेलं असतं, क्राऊन-पिनियनचे दात गेलेले असतात, नाहीतर पाणी शिरून आत सगळं गंजलेलं असतं.

दुसऱ्या ट्रकमधून काढलेला अ‍ॅक्सल आणायचा आणि बसवायचा, एवढंच काम वाटतं. उचलाउचल खरोखरच जड आहे, पण ती जॅक आणि चेन ब्लॉकने निभावते. काम फसतं ते मोजमापात, आणि ते मोजमाप पहिला नट सैल करण्याआधीच व्हायला हवं.

पहिलं माप म्हणजे गिअरचं प्रमाण. एम-३५ च्या अ‍ॅक्सलमध्ये वेग दोन टप्प्यांत कमी होतो आणि एकूण प्रमाण ६.७२ येतं. म्हणजे प्रॉपेलर शाफ्टच्या पावणेसात फेऱ्यांना चाकाची एक फेरी. ओझं ओढायला हे उत्तम, पण इंजिन मिनिटाला २६०० फेऱ्यांच्या मर्यादेवर आलं की ट्रक ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास अडकतो. म्हणून काही जण वेगळ्या प्रमाणाचे अ‍ॅक्सल शोधतात. शोधायला हरकत नाही, फक्त मग तिन्ही बदलावे लागतात. मधल्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या दरम्यान डिफरन्शियल नसतं. मधल्याच्या माथ्यावरून शाफ्ट आरपार जातो आणि मागच्याला फिरवतो. दोघांची प्रमाणं वेगळी असतील तर दर फेरीला एक चाक दुसऱ्याला मागे खेचत राहील. ओल्या मातीत टायर घसरून हा ताण सुटतो. डांबरावर तो शाफ्ट, क्रॉस आणि दातांवर साठत जातो.

विक्रेता सांगतो त्यावर किंवा अ‍ॅक्सलवरच्या पट्टीवर विसंबू नये. पन्नास वर्षांत आतले गिअर कुणीही बदललेले असू शकतात. मोजण्याची रीत सोपी आहे. सुटा अ‍ॅक्सल घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवावा, एका बाजूचा हब पक्का धरावा आणि दुसरा हब बरोबर दोन फेऱ्या फिरवावा. एक बाजू थांबलेली असताना डिफरन्शियल दुसऱ्या बाजूला दुप्पट फिरवतं, त्यामुळे हबच्या दोन फेऱ्या म्हणजे डिफरन्शियलच्या पेटीची एक फेरी. तेवढ्यात पिनियनवर खडूने केलेली खूण किती वेळा वर येते ते मोजावं. सहा पूर्ण फेऱ्या आणि सातवीचा सुमारे पाऊण भाग झाला तर माल बरोबर आहे.

पुढच्या अ‍ॅक्सलची गोष्ट आणखी नाजूक. या मालिकेतल्या बऱ्याच ट्रकांत ट्रान्सफर केसच्या पुढच्या टोकाला स्प्रॅग नावाचा एकमार्गी क्लच असतो. केसमधला गिअर पुढच्या शाफ्टपेक्षा मुद्दाम किंचित हळू फिरवलेला असतो. त्यामुळे साध्या रस्त्यावर पुढची चाकं आपला शाफ्ट जरा जास्त वेगाने फिरवतात आणि क्लच मोकळा राहतो. मागची चाकं घसरली की गिअरचा वेग वाढतो, तो पुढच्या शाफ्टला गाठतो आणि क्लच पकडतो. ड्रायव्हरला काहीच करावं लागत नाही. ही सगळी किमया त्या किंचित फरकावर उभी आहे. पुढे कमी प्रमाणाचा अ‍ॅक्सल किंवा मागच्यापेक्षा मोठे टायर बसवले तर पुढचा शाफ्ट मंदावतो, फरक संपतो आणि क्लच कोरड्या रस्त्यावरच पकडून बसतो. स्टिअरिंग जड झालं म्हणून पॉवर स्टिअरिंग शोधणाऱ्यांनी आधी टायरांचा घेर दोरीने मोजावा.

दुसऱ्या महायुद्धातल्या जीएमसी सीसीकेडब्ल्यूच्या मालकांना तर आणखी एक पेच असतो. साडेपाच लाखांहून अधिक संख्येने बनलेल्या या ट्रकला दोन बनावटींचे अ‍ॅक्सल होते. एक टिमकेनचा, मधोमध दोन अर्ध्यांत जोडलेल्या हौसिंगचा. दुसरा जनरल मोटर्सचा, गोल पोटाचा, बॅन्जो म्हणून ओळखला जाणारा. बाहेरून ट्रक एकच वाटतो, पण एकाच्या जागी दुसरा सहज बसेल अशी आशा धरू नये.

आता प्रत्यक्ष काम. सपाट, सिमेंटची जमीन हवी. इथे एम-३५ चा एक फसवा गुण लक्षात ठेवायचा: त्याचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकावर असतो. मागचा प्रॉपेलर शाफ्ट सोडला की हँडब्रेक ओढलेला असूनही ट्रक मोकळा. शाफ्ट जागेवर असला तरी एका बाजूची चाकं उचलली की डिफरन्शियलमधून पकड निसटते. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी अडसर लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये. घोड्या चॅसिसखाली द्यायच्या, कारण अ‍ॅक्सल तर काढायचाच आहे.

चाकांचे नट ट्रक जमिनीवर असतानाच सैल करावेत. डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात. हे ठाऊक नसलेला माणूस पान्याला पाइप लावून नट आणखी घट्ट करतो आणि शेवटी स्टड मोडतो.

पुढचा अ‍ॅक्सल सोडवायचा तर हवेच्या टाक्या रिकाम्या कराव्यात, मग ब्रेकची नळी, व्हेंटची नळी, शॉक अब्सॉर्बर, स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक आणि प्रॉपेलर शाफ्ट एकेक करून सोडावे. उघड्या नळ्यांची तोंडं लगेच बंद करावीत, नाहीतर ब्रेकमध्ये धूळ जाते. शेवटी पाट्यांचे यू-बोल्ट. गंजलेले असतील तर आदल्या दिवसापासून गंज सोडवणारं तेल मारत राहावं, तरीही न हलल्यास सरळ कापावे; ओढ खाल्लेले यू-बोल्ट पुन्हा वापरायचेच नाहीत. अर्ध्या टनाच्या आसपासचं ते धूड जॅकवर बांधून घ्यावा, चॅसिस थोडी वर उचलावी आणि अ‍ॅक्सल चाकांवर ढकलत बाहेर काढावा.

मागच्या जोडीचं प्रकरण वेगळं. तिथे पाटे मधल्या खुंटीवर पालथे बसलेले असतात आणि त्यांची टोकं अ‍ॅक्सलवरच्या खाचांत नुसती टेकतात. अ‍ॅक्सलला पुढे-मागे सरकू न देणारे असतात ते टॉर्क रॉड. त्यांचे निमुळते खिळे वर्षानुवर्षं रुतलेले असतात. खिळ्याच्या टोकावर घण घालून ते फक्त चेपतात. ज्या कानात खिळा बसलाय त्या कानाच्या कडेवर ठोका मारला तर तो सुटतो. रॉड सुटताच अ‍ॅक्सलचं जड नाक स्वतःभोवती कलंडतं, म्हणून नाकाखाली वेगळा आधार आधीच हवा.

आणलेला अ‍ॅक्सल तसाच चढवू नये. तेल काढून पाहावं: दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, चकाकणारा कीस असेल तर बेअरिंग किंवा दात झिजलेत. सील सगळे नवे घालावेत, कारण अ‍ॅक्सल बाहेर असताना ते तासाभराचं काम असतं आणि ट्रकखाली झोपून दिवसभराचं. व्हेंट मोकळा आहे ना, हे फुंकून पाहावं. हा छोटा तुकडा सगळे विसरतात. तो तुंबला की तापलेल्या हवेला बाहेर पडायला सीलखेरीज वाट उरत नाही. तेल ड्रममध्ये येतं आणि ब्रेक निकामी होतात. गरम अ‍ॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला तर उलट होतं, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते.

बसवताना पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलवरच्या भोकात नीट बसलं पाहिजे. यू-बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने, थोडे थोडे आवळावेत. मग दोन्ही बाजूंनी चॅसिसवरच्या एकाच जागेपासून अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर टेपने मोजावं. फरक राहिला तर ट्रक रस्त्यावर तिरका चालतो आणि टायर खातो.

पिनियनच्या कोनाकडे विशेष लक्ष द्यावं. कोनात फिरणारा साधा युनिव्हर्सल जॉइंट एकसारख्या वेगाने फिरत नाही. दर फेरीत त्याचा वेग दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा जॉइंट हे चढउतार पुसून टाकतो, पण त्यासाठी दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि शाफ्टवरची दोन्ही योक एकाच प्रतलात हवीत. सरकत्या जोडात शाफ्ट एका दाताने जरी चुकीचा घातला तरी ठराविक वेगाला सगळा ट्रक थरथरतो. सोडण्याआधी शाफ्टवर पंचने दोन खुणा मारून ठेवाव्यात, त्या इथे कामाला येतात.

ब्रेकमध्ये कुठलं तेल आहे ते पाहूनच नवं भरावं. अमेरिकी लष्कराने नंतर या ट्रकांत सिलिकॉनचं डॉट ५ वापरलं. ते नेहमीच्या डॉट ३ मध्ये मिसळत नाही. एम-३५ ए-टूच्या जुन्या गाड्यांत हायड्रॉलिक ब्रेकचा एकच परिपथ असतो. एक नळी फुटली की सगळे ब्रेक जातात. म्हणून अ‍ॅक्सलच्या निमित्ताने डिस्क ब्रेक किंवा दुहेरी परिपथ घालणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, मूळपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी काहीही म्हणो. रबरी नळ्या मात्र दोन्ही पंथांनी बदलाव्यात.

पहिली फेरी रिकाम्या ट्रकने, हळू, आठ-दहा किलोमीटरची करावी. उतरून प्रत्येक हबला हात लावून पाहावा; सगळे सारखेच कोमट असावेत. एखादाच चटका देत असेल तर त्याचं बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ब्रेक घासतोय. शंभरेक किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट, टॉर्क रॉड आणि चाकांचे नट पुन्हा आवळावेत, डावीकडचे उलट्या दिशेने.