प्राथमिक स्तरावरील अभिकल्प व तंत्रज्ञान : कार्यानुभवाच्या संदर्भात

इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात १९९० पासून 'अभिकल्प आणि तंत्रज्ञान' हा विषय पाच वर्षांच्या मुलांपासून लागू करण्यात आला. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले, तर कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. मग या विषयात नवीन ते काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

निर्णय कोणी घ्यावयाचा, यात हा फरक आहे. कार्यानुभवाच्या तासाला शिक्षक कागदी पिशवीचा नमुना दाखवितात आणि चाळीस मुले चाळीस सारख्या पिशव्या तयार करतात. अभिकल्पाच्या तासाला 'एक किलो तांदूळ नेता येतील अशी पिशवी करा' एवढेच सांगितले जाते. कागद कोणता, घडी कशी, बंद कोठे चिकटवावयाचे, हे मुलाने आधी आरेखन करून ठरवावयाचे असते. भरलेली पिशवी उचलताच बहुधा बंदाजवळच कागद फाटतो. कारण सर्व भार तेवढ्याशा जागेवर एकवटतो. तेथे पुठ्ठ्याची पट्टी लावली की भार विभागला जातो, हे मूल स्वतः शोधते. (त्यामागील संज्ञा त्याला पुढे यथावकाश भेटतीलच.)

खरी अडचण मूल्यमापनाची आहे. फाटलेल्या पिशवीला आपण गुण देत नाही. परिणामी पालकांनी घरी करून दिलेली सुबक पिशवी पहिली येते. प्रस्तुत लेखकाच्या मते गुण पहिल्या व दुसऱ्या आरेखनातील बदलाला द्यावयास हवेत. त्यासाठी दोन्ही आरेखने वहीत जपावी लागतील आणि पहिले पुसू नये, हे मुलांना आवर्जून सांगावे लागेल.