सूर कोणाचा खरा?
माइल्स डेव्हिस ह्या अमेरिकन ट्रम्पेटवादकाची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही १९५९ सालची जुनी तबकडी आम्ही अलीकडच्या सीडीशी ताडून पाहिली, तो पहिल्या बाजूचा सूरच निराळा! सीडीवर तो किंचित उतरलेला. आम्ही अर्थातच सीडीला बोल लावला. पण चूक तबकडीची होती. न्यूयॉर्कमध्ये २ मार्चला ध्वनिमुद्रण करताना मुख्य टेपयंत्र सावकाश फिरले. तीच टेप नेहमीच्या गतीने वाजवताच संगीत जलद आणि चढे झाले. २२ एप्रिलची दुसरी बाजू निर्दोष आहे. राखीव यंत्रावरची टेप घेऊन १९९२ साली सीडी निघाली, तेव्हा सूर जागेवर आला. त्यापूर्वीच्या सीडींतही हाच दोष होता, बरे का! तबकडीबरोबर पियानोची साथ करू पाहणाऱ्यांनी मात्र तेहतीस वर्षे आपलेच वाद्य बेसूर मानले असेल.