कृष्णाकाठचा कर्बाम्लवायू

सातारा किंवा सांगली जिल्ह्यात डायनोसॉरचे हाड शोधावयास निघालेल्या माणसास रिक्तहस्तेच परतावे लागते, आणि ह्याचे कारण कोयनेच्या भूकंपांची तहकीकात करण्यासाठी घेतलेल्या खोल विंधनविवरांनी निर्विवादपणे सांगून ठेवले आहे. केंद्र सरकारच्या कऱ्हाड येथील प्रयोगशाळेने कोयना खोऱ्यात तीन किलोमीटर खोलीचे विवर घेतले, तेव्हा सुमारे साडेबाराशे मीटरपर्यंत काळा पाषाण, म्हणजे लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट, लागला आणि त्याच्याखाली एकदम अब्जावधी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट. ज्यात हाडे जपली जावीत असा मधल्या काळातील गाळाचा थर नाहीच. तसा गाळ चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा, डोंगरगाव येथे आहे, म्हणून ती दौलत विदर्भाकडे गेली. आपल्या वाट्यास आला तो लाव्हा, आणि त्या महाकाय प्राण्यांच्या अखेरच्या दिवसांचे हवामान ज्या वायूंनी बदलले असे मानतात, ते ह्याच लाव्ह्यातून सुटले होते. मला हाडांपेक्षा हेच अधिक मोलाचे वाटते.

प्रास्ताविक थोडक्यात उरकतो. डायनोसॉरांचे युग सुमारे तेवीस कोटी वर्षांपूर्वी सुरू झाले आणि सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वी संपले; ह्या दीर्घ काळात हवेतील कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जुन्या क्रमिक पुस्तकांतला कर्बाम्लवायू, बहुतेक वेळा आजच्याहून बराच अधिक होता, आणि नऊ कोटी वर्षांपूर्वी तर दक्षिण ध्रुवापासून अवघ्या नऊशे किलोमीटरांवर दाट अरण्य उभे होते. ज्यांना अधिक हवे त्यांच्यासाठी ग्रंथ विपुल आहेत.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. महाबळेश्वराहून पोलादपुराकडे आंबेनळी घाटाने उतरू लागले म्हणजे काळ्या कड्यांच्या दोन थरांमध्ये हातभर, कोठे पुरुषभर जाडीचा तांबड्या मातीचा पट्टा वारंवार दिसतो. घाटात गाडी थांबवून ती माती बोटांनी उकरण्याचे मला जे व्यसन जडले, त्याने घरच्या मंडळींचे कित्येक प्रवास लांबले आहेत. एक लाव्हाप्रवाह थंड झाला, त्यावर पाऊस पडला, खडक कुजून माती झाली आणि मग दुसऱ्या प्रवाहाने तिला भाजून गाडून टाकले. असा प्रत्येक पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधील विसाव्याचा दाखला होय. ह्याच मातीत दूरच्या ज्वालामुखींची राख पडून तिच्यासोबत झिर्कॉनचे सूक्ष्म स्फटिक आले. प्रिन्स्टनचे ब्लेअर शोन आणि अमरावती विद्यापीठाचे सय्यद खाद्री प्रभृतींनी त्या स्फटिकांतील युरेनियम व शिसे मोजून 2015 साली दाखवून दिले, की ह्या लाव्ह्याचा फार मोठा भाग अवघ्या साडेसात लक्ष वर्षांत ओतला गेला.

तंटा पुढेच आहे. 2019 च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’ नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध आले. शोन ह्यांच्या पक्षाचे म्हणणे असे, की पोलादपूर नावाच्या लाव्हाथराचा प्रचंड उद्रेक, डायनोसॉरांच्या अंताशी जोडल्या जाणाऱ्या मेक्सिकोतील अशनिपाताच्या किंचित आधी झाला. कोर्टनी स्प्रेन आणि मुंबई आयआयटीचे कांचन पांडे ह्यांच्या पक्षाने निराळ्या पद्धतीने कालमापन करून सांगितले, की बहुतांश लाव्हा आघातानंतरचा आहे. महाबळेश्वरच्या माथ्यावरचे थर ओतले गेले तेव्हा डायनोसॉर उरले नव्हते, ह्याविषयी मात्र दोन्ही पक्षांत वाद नाही. अशनिपातापूर्वी सुमारे तीन लक्ष वर्षे पृथ्वी काही अंशांनी तापली होती, आणि त्या तापण्याचे उत्तरदायित्व आपल्या ह्या दख्खनच्या ज्वालामुखींच्या वायूंवर येते. परंतु आरंभीचा लाव्हा त्या मानाने थोडा असल्याने, बराच वायू खोल अडकून राहिलेल्या शिलारसातून, उद्रेकावाचूनच सुटला असावा असे अलीकडे मानू लागले आहेत. मला हा तर्क पटतो.

वायू किती, हा प्रश्न उरतोच. ज्वालामुखीशास्त्रज्ञ स्टीफन सेल्फ ह्यांच्या हिशेबाने एक घन किलोमीटर लाव्ह्यामागे सुमारे एक कोटी चाळीस लक्ष टन कर्बाम्लवायू सुटतो. आज मनुष्यजात कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून वर्षाला सुमारे 37 अब्ज टन सोडते. म्हणजे आपली बरोबरी करावयाची तर ज्वालामुखींना दरसाल सुमारे 2,600 घन किलोमीटर लाव्हा ओतावा लागेल, म्हणजेच 105 टीएमसीचा कोयनेचा जलाशय काठोकाठ पावणेनऊशे वेळा भरावा लागेल. दख्खनच्या ज्वालामुखींची सरासरी ह्याच्या जवळपासही येत नाही. एकूण राशी त्यांची मोठी असली तरी वेग आपला भयंकर आहे, आणि हवामानाच्या बाबतीत वेग हाच खरा गुन्हा होय असे माझे मत आहे.

ज्या खडकाने हा वायू सोडला, त्यानेच तो पुढे गिळावयास आरंभ केला, ही गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. पावसात विरघळलेला कर्बाम्लवायू बेसाल्टला कुजवतो, त्यातील चुना व मॅग्नेशियम सोडवतो आणि बायकार्बोनेटच्या रूपाने नदीच्या स्वाधीन करतो. समुद्रात त्याचे शंख-शिंपले होतात आणि गिळलेल्यापैकी निम्मा कर्ब शिळेत बंद होतो, निम्मा परत हवेत जातो. कासच्या पठारावरील जांभा, ज्यावर भाद्रपदात फुलांचे ताटवे पाहावयास गर्दी लोटते, तो म्हणजे चुना पार धुऊन गेलेल्या बेसाल्टचा लोह-ॲल्युमिनियमयुक्त अवशेष. तो चुना ओढ्या-नद्यांनी कृष्णेत आणला आणि कृष्णेने पुढे सांगलीवरून नेला. काही चुना वाटेतच थांबतो: मिरज-तासगावकडील काळ्या रानात नांगराला लागणारे चुनखडीचे खडे तेच. एका वृद्ध शेतकऱ्याने मला सांगितले, की त्याच्या आजाच्या काळी हे खडे भट्टीत भाजून, बैलाच्या घाण्यात मळून, वाड्यांच्या भिंती बांधीत. भट्टीत सुटलेला कर्बाम्लवायू ती भिंत पुढे वाळता-वाळता हवेतून बराचसा परत घेते, हे त्या गवंड्यांना ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती.

ह्या गिळण्याची मुदत मात्र लक्षावधी वर्षांची असते. आपल्या धुराची वसुली सह्याद्री आपल्या नातवंडांच्या हयातीत करून देणार नाही. तेव्हा घाटाने जाणाऱ्यांनी घटकाभर थांबून तो तांबडा पट्टा अवश्य पाहावा, आणि घाट रुंद करणाऱ्यांनी सगळे कडे सिमेंटने लिंपून न टाकता निदान दोन-चार जागा फलक लावून उघड्या ठेवाव्यात, एवढी विनंती आहे.