विमानाचे वजन चिमटीने वाढते

आमोण्याच्या धक्क्यावर बार्ज भरताना वजन डोळ्यांना दिसते. माल चढतो तसतशी बार्ज मांडवीच्या पाण्यात उतरते आणि कुठे थांबायचे ते तिच्या अंगावरची खूण सांगते. विमानाला अशी खूण नसते. उभे असताना ते तीस किलो जड झाले आहे की नाही, हे पाहून कळत नाही. धावपट्टी संपत आली की कळते.

हा प्रश्न विमान स्वतः जोडणाऱ्यांपुढे विशेष तीव्रतेने उभा राहतो. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातील एका इमारतीच्या गच्चीवर स्वतः आखलेले सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले आणि २०१७ साली त्याची नोंदणी झाली. परदेशांत अनेक हौशी कारागीर तयार भागांचा संच आणून घरीच लहान विमान जोडतात. कारखान्यात वजनाचा हिशेब ठेवणारी वेगळी माणसे असतात. घरी ते काम बांधणाऱ्यालाच करावे लागते.

एक हिशेब पाहू. समजा, दोन आसनी विमानाची कमाल वजनमर्यादा ६०० किलो आणि रिकामे वजन ३५० किलो आहे. दोन माणसांचे १६० किलो धरले, तर इंधनासाठी ९० किलो उरतात. बांधताना विमान ३० किलो जड झाले, तर इंधनाला ६० किलोच राहतात. म्हणजे सुमारे ४० लिटर पेट्रोल, तासाला २० लिटर जाळणाऱ्या इंजिनाचे दोन तास, गेले. मर्यादा मोडून उडावे, तर वजन १० टक्के वाढताच हवेत टिकण्यासाठी लागणारा किमान वेग सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो आणि उड्डाणापूर्वीची धाव २० टक्क्यांच्या आसपास लांबते. वैशाखातील तापलेल्या, विरळ हवेत ती आणखी लांबते.

हे ३० किलो एकदम येत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरऐवजी ०.६ मिलिमीटरचा ॲल्युमिनियम पत्रा २० चौरस मीटरवर लावला, की सुमारे साडेपाच किलो वाढले. ५० चौरस मीटरवर रंगाचा केवळ ०.१ मिलिमीटरचा वाळलेला थर सहा किलोंच्या पुढे जातो. काचतंतूच्या कापडावर जास्त ओतलेले रेझिन बळ वाढवत नाही, फक्त भार वाढवते. जाड गादी, जादा तारा, गरजेपेक्षा लांब बोल्ट यांचेही तसेच.

वजन कुठे पडते हेही महत्त्वाचे. तोलबिंदूच्या चार मीटर मागे, शेपटीत, २०० ग्रॅम वाढले, तर तोल साधण्यासाठी एक मीटर पुढे ८०० ग्रॅम ठेवावे लागतात. वाढ २०० ग्रॅमची, भुर्दंड एक किलोचा.

पण काटकसरीलाही मर्यादा आहे. पंखाचा मुख्य दांडा, त्याचे बोल्ट, आसनपट्टे आणि नियंत्रणाच्या तारा यांतून आराखड्याबाहेर जाऊन एक ग्रॅमही काढू नये. आपल्या खाऱ्या, दमट हवेत गंजरोधक लेपही टाळता येत नाही. राईट बंधूंच्या १९०३ सालच्या विमानात याचा चांगला धडा आहे. त्यांनी इंजिनाचा मुख्य साचा लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमचा ओतवला. लोखंडाच्या सुमारे एकतृतीयांश घनतेचा धातू निवडून त्यांनी वजन वाचवले. आवश्यक भाग गाळून नव्हे.

म्हणून काटा आणि वही ही विमान बांधणाऱ्याची पहिली हत्यारे. प्रत्येक भाग बसवण्यापूर्वी तोलावा, अपेक्षित वजनाशेजारी प्रत्यक्ष वजन लिहावे आणि फरक त्याच दिवशी शोधावा. शेवटी तिन्ही चाकांखाली काटे ठेवून विमान तोलतातच. पण तेव्हा वाढ कळली, तरी ती काढायला विमान पुन्हा उकलावे लागते.