शिबाल्बाच्या दारात

मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशात ‘आक्तुन तुनिचिल मुक्नाल’ नावाची गुहा आहे. अर्थ, दगडी थडग्याची गुहा. मी तिथं गेलो तो साहसाच्या ओढीनं, हे आधीच सांगतो. पाऊण तास जंगलातून चालायचं, वाटेत रोअरिंग क्रीक तीनदा ओलांडायची आणि गुहेच्या तोंडाशी थेट पाण्यात शिरून पोहायचं! पुढं डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात, पाण्यातूनच वाट.

माया लोक मात्र इथं मौजेसाठी येत नव्हते. त्यांच्या लेखी गुहा म्हणजे शिबाल्बाचं, पाताळलोकाचं दार. पर्जन्यदेव चाकचा वासही तिथंच. इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकांत अवर्षणं वाढली, तसे ते पावसासाठी गुहांत अधिक खोलवर जाऊ लागले, असं संशोधकांना वाटतं. त्यांनी मडकी ठेवली, काहींना मुद्दाम भोकं पाडली. माणसंही बळी दिली.

सर्वांत आत एक सांगाडा आहे. चुनखडीतून झिरपणाऱ्या पाण्यातलं कॅल्साइट शेकडो वर्षं हाडांवर साचलं, म्हणून तो चकाकतो. त्याला ‘स्फटिककन्या’ म्हणतात खरं, पण तो बहुधा तरुण मुलाचा असावा, असं आता मानलं जातं.

कोरड्या दालनात बूट काढून नुसत्या मोज्यांवर चालावं लागतं. भांडी, कवट्या अगदी पायांशी; ना काच, ना कठडा. २०१२ साली एका पर्यटकाचा कॅमेरा पडून कवटीला भोक पडलं, तेव्हापासून कॅमेऱ्याला बंदी आहे. मला ती पटते. परवानाधारक गाइडशिवाय आत सोडत नाहीत, आणि तो दाखवील तिथंच पाऊल टाकायचं.